एकतीस तारखेचा ताळा

कचेरीच्या इमारतीत दोन लिफ्ट. त्यांच्या मधल्या भिंतीवर आठवड्यापूर्वी एक कागद चिकटवला होता: देखभालीचं काम चालू असल्यामुळे विषम तारखांना डावी लिफ्ट बंद राहील, सम तारखांना उजवी. तो कागद त्याने रोज पाहिला होता, म्हणजे भिंतीवरचं बंद पडलेलं घड्याळ आपण पाहतो तसा. आज ऑगस्टची तीस तारीख, उजवी बंद, म्हणून तो डाव्या लिफ्टपुढे उभा राहिला, आणि कागदाच्या तळाशी कुणीतरी पेन्सिलीने लिहिलेलं त्याला दिसलं: 'एकतीसला बंद आणि एकलाही बंद! डावीला सलग दोन दिवस रजा, आणि आम्हाला?' लिहिणारा बहुधा तिसऱ्या मजल्यावरच्या विमा कचेरीतला असणार, तिथल्या माणसांना विनोदाला वेळ असतो. मागे उभी असलेली एक बाई वाचून हसली. तोही हसला. हसू ओठांवर होतं तेवढ्यात त्याने ती ओळ पुन्हा वाचली. लिफ्ट आली, तो आत शिरला, सहाव्या मजल्यावर दार उघडलं. लिफ्ट मजल्यापेक्षा दोन बोटं खाली थांबली होती. त्याचा पाय अडखळला आणि पाठीमागून ती बाई म्हणाली, "सांभाळून हो." त्याने मान हलवली. एकतीस विषम. एकही विषम.

जागेवर जाऊन त्याने यंत्र चालू केलं, पण जे उघडून बघायचं ते उघडलं नाही. आधी पाणी आणलं. मग खुर्चीची उंची कमीजास्त केली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं, बाहेर लख्ख सकाळ असली तरी पडतं. त्याची कंपनी इस्पितळांसाठी एक सोय चालवत होती: रुग्णाच्या फोनवर सकाळी आठला घंटी वाजायची, कुठली गोळी घ्यायची ते दिसायचं, रुग्णाने 'घेतली' असं दाबायचं. काही गोळ्या रोजच्या, काही एक दिवसाआडच्या. एक दिवसाआडचा भाग त्याने लिहिला होता, जूनच्या सुरुवातीला तो लोकांच्या हाती गेला होता, आणि तो लिहिला तेव्हा त्याला फार बरं वाटलं होतं, कारण तो एका ओळीत बसला होता. तारीख विषम असेल तर गोळी, नसेल तर नाही. ज्यांची सुरुवात सम तारखेला झाली त्यांचं उलट. एका ओळीत! शेजारच्या टेबलावरच्याला त्याने बोलावून दाखवली होती ती ओळ, एखाद्याने नवा बूट दाखवावा तशी. आणि बाबांच्या फोनवर त्याने स्वतः बसवून दिलं होतं, कारण बाबांना हृदयाची एक दिवसाआडची गोळी नुकतीच सुरू झाली होती. "आता विसरायचा प्रश्नच नाही," असं म्हणाला होता तो. बाबांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं होतं, "तपासलंयस?" आणि तो हसला होता, कारण बाबा हा प्रश्न भाजीच्या पिशवीच्या बंदाबद्दलही विचारत.

मागच्या महिन्याच्या एकतीसनंतर जी एक तारीख आली, त्या संध्याकाळी बाबा न्हाणीघरात पडले. उजवं मनगट मोडलं. इस्पितळात डॉक्टरीण म्हणाली, "रक्तात औषध जास्त झालंय. लागोपाठ दोन दिवस घेतली असणार, म्हणून चक्कर आली. या वयात होतं असं." ताई, म्हणजे त्याची थोरली बहीण, खाटेच्या पायथ्याशी उभी होती. बाबा म्हणाले, "फोनने सांगितलं म्हणून घेतली." ताईने त्याच्याकडे पाहिलं. आता हे सगळं टाळून दुसरं काही आठवावं असं त्याला वाटलं, पण मन आपलं खोडकर, नेमकं तिथेच खुर्ची टाकून बसलं. तो काय म्हणाला होता? तो बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता, "बाबा, फोन एक दिवसाआडच सांगतो. मीच लिहिलंय ना ते. सगळं तपासलेलं आहे." आणि वर हसलाही होता, मऊ, समजूतदार. बाबांचा फोन उशाशीच होता. हात लांब केला असता तर दिसलं असतं सगळं. त्याने उशी सारखी केली. बाबा छताकडे बघत म्हणाले, "असेल. माझंच काही चुकलं असेल." चाळीस वर्षं ज्या माणसाने दुसऱ्यांच्या चुका शोधायची नोकरी केली, त्याच्या तोंडून हे वाक्य त्याने पहिल्यांदा ऐकलं, आणि त्याला काय वाटलं तर सुटल्यासारखं वाटलं.

त्यानंतरचा महिना ताईने ताब्यात घेतला. ती कामाची बाई, एकदा पदर खोचला की मागे बघत नाही. बाबांनी एकटं राहायचं नाही, तिच्याकडे जायचं, जागा भाड्याने द्यायची, हे तिने आठ दिवसांत ठरवलं. रोज सकाळी ती फोन करून विचारायची, "बाबा, आज वार कोणता? तारीख किती?" आणि बाबा सांगायचे. एकदा तो समोर होता. बाबांनी उत्तर द्यायच्या आधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे चोरून पाहिलं, कॉपी करणाऱ्या मुलासारखं, आणि मग हळू आवाजात तारीख सांगितली. बरोबर सांगितली. ताई म्हणाली असावी, शाब्बास. उद्या एकतीस, परवा एक. परवा सकाळी टेंपो येणार होता.

शेवटी त्याने ती फाइल उघडली. कोडची परीक्षा घेणारं दुसरं कोड लिहायचं असतं, ती चाचणी: अमुक तारीख दिली तर तमुक उत्तर यायला हवं. आलं तर पडद्यावर हिरवी खूण, नाही तर लाल. त्याच्या चाचण्या कायम हिरव्या असत, इतक्या की कचेरीत त्याला 'हिरवळ' म्हणत आणि ते त्याला आवडायचं. ही चाचणीही हिरवी होती. तारखांची एक यादी, प्रत्येकीसमोर अपेक्षित उत्तर. एकोणतीस, होय. तीस, नाही. एकतीस, होय. एक, होय. त्याने बोट पडद्यावर ठेवून पुन्हा वाचलं. एकतीस, होय. एक, होय. चूक कोडमध्ये होती हे एक वेळ समजण्यासारखं होतं, चुका होतात. पण इथे चाचणीतच लिहून ठेवलं होतं की हे असंच व्हायला हवं. कुंपणानेच शेत खाल्लं होतं आणि कुंपण घालणाऱ्याचं नाव शेजारी तारीखवार नोंदलेलं होतं.

तो दिवस त्याला आठवत होता, फार नीट आठवत होता. शुक्रवार, पाच वाजलेले. तपासणीच्या बाई त्याच्या टेबलाशी आल्या होत्या. त्यांना सगळे 'शंकाबाई' म्हणत, पाठीमागे आणि आता आता तोंडावरही. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली, पायांत सपाट चपला, हातात कायम एक आखीव वही. त्या म्हणाल्या होत्या, "तुमच्या यादीत एक ते तीसच तारखा आहेत. महिना बदलतो तेव्हाचं काय? एकतीस तारखेला काय होतं?" तो म्हणाला होता, "घालतो." आणि त्या गेल्यावर त्याने काय केलं? एकतीस आणि एकला काय व्हायला हवं याचा विचार त्याने केला नाही. त्याने कोड चालवलं, त्यातून जे उत्तर बाहेर पडलं ते उचललं आणि चाचणीत 'अपेक्षित' म्हणून चिकटवलं. हिरवं! अर्ध्या मिनिटाचं काम. सगळेच करतात असं कधीमधी. यंत्राने दिलेलं उत्तर यंत्रालाच दाखवायचं आणि विचारायचं, हे बरोबर आहे का? यंत्र बिचारं काय म्हणणार? आता प्रश्न एवढाच होता की चिकटवताना ते दोन 'होय' त्याच्या डोळ्यांनी पाहिले होते की नाही. एकाखाली एक होते. डोळे होते, उजेड होता. त्याला वाटलं, पाहिले होते. मग वाटलं, छे, पाहिले असते तर थांबलो असतो. मग पुन्हा वाटलं, नजर त्यांच्यावर क्षणभर थांबली होती आणि घड्याळ पाच दाखवत होतं. हे तो कुणालाच कधी सांगू शकणार नव्हता, कारण त्याचं त्यालाच पक्कं माहीत नव्हतं. त्याच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. ही ऊब ओळखीची होती.

चौथीत होता तो. बाबा संध्याकाळी गणितं घालायचे, आणि प्रत्येक गणिताखाली ताळा करायला लावायचे. भागाकार केलास? मग उत्तराला भाजकाने गुण, बाकी मिळव, मूळ संख्या परत येते का बघ. आली तर ताळा जुळला. बाकीच्या मुलांच्या घरी एकदा सोडवलं की सुटलं, ह्याच्या घरी प्रत्येक गणित दोनदा. एका संध्याकाळी खाली मुलं खेळत होती आणि त्याने युक्ती काढली: उत्तर काढलं, खाली 'ताळा' असं लिहिलं, गुणाकाराची चिन्हं मांडली आणि शेवटी न गुणताच मूळ संख्या लिहून टाकली. जुळणारच. पाच गणितं, पाच ताळे, सगळे जुळलेले. बाबांनी वही घेतली, पहिलं गणित बघितलं, दुसरं बघितलं. मग म्हणाले, "उत्तर चुकलंय. आणि ताळा जुळलाय." त्यांनी बोट त्या ओळीवर ठेवलं. "हे दोन्ही एकाच वेळी कसं होईल रे?" आवाज चढला नाही, हात उचलला नाही. वही मिटून त्यांनी त्याच्यासमोर ठेवली आणि ते दिवा लावायला उठले. चूक झाली असती तर त्यांनी समजावून सांगितलं असतं, दहा वेळा सांगितलं असतं. त्या संध्याकाळी सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. खालून मुलांचा आरडाओरडा येत होता आणि तो मिटलेल्या वहीसमोर बसून कानाच्या पाळ्या चिमटीत धरून थंड करत होता. तीस वर्षांहून जास्त झाली. माणूस मोठा होतो, पोट सुटतं, नावापुढे हुद्दा येतो, आणि ताळा तसाच लिहितो.

बाबा लिफ्ट तपासनीस होते. नवी इमारत उभी राहिली की लिफ्टला त्यांची सही लागे, त्याशिवाय माणूस आत पाय ठेवू शकत नसे. एकदा सुट्टीत ते त्याला बरोबर घेऊन गेले होते. रंगाचा वास, सिमेंटची धूळ, आणि जिन्यापाशी वाळूच्या गोण्यांचा ढीग. कंत्राटदार म्हणत होता, "साहेब, सकाळपासून वीस वेळा वरखाली केली. एकदम लोणी." बाबा म्हणाले, "रिकामी कुठलीही वर जाते." मग गोण्या आत रचल्या गेल्या, ठरल्या वजनापेक्षा जास्त, आणि लिफ्ट वर नेऊन मुद्दाम वेगाने खाली सोडली गेली, खालचे जबडे रुळांना पकडतात की नाही हे बघायला. जो आवाज झाला त्याने तो रडायला लागला होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये गच्च अडकून थांबली होती आणि बाबांचा चेहरा प्रसन्न होता. "थांबली बघ," ते म्हणाले. मग गोण्या काढल्या आणि बाबा एकटे आत शिरले, दार लागलं. त्याने कंत्राटदाराचा शर्ट घट्ट धरला होता. बाबा परत खाली आले, खिशातून पेन काढून गोणीवरच कागद ठेवून सही केली आणि त्याला म्हणाले, "आधी वाळू, मग मी, मग लोक. क्रम चुकवायचा नाही." त्याने क्रम चुकवला होता. आधी बाबा, मग लोक. वाळू नव्हतीच.

आणि लोक किती? त्याने नोंदी काढल्या. एक दिवसाआडच्या गोळीवर असलेली एक हजार नऊशे माणसं. निम्म्यांना त्या एकतीस आणि एकला लागोपाठ दोन गोळ्या सांगितल्या गेल्या होत्या, निम्म्यांना तीसनंतर थेट दोन तारखेला, म्हणजे मध्ये दोन दिवस कोरडे. तक्रारी आल्या होत्या सात. सातही मदत केंद्राने बंद केल्या होत्या, शेरा एकच: वापरणाऱ्याचा गैरसमज. त्यांतली एक तक्रार एका बाईंची होती, वय एक्याऐंशी. त्यांनी टाइप केलं होतं, 'काल घेतली आज पण घ्या म्हणते. घेऊ का. कृपया सांगा.' उत्तर गेलं होतं, कृपया फोनवरील सूचनेचे पालन करावे. त्यांनी एक तारखेला 'घेतली' दाबलं होतं. तीन तारखेलाही दाबलं होतं. त्यानंतर त्यांच्या नोंदीच नव्हत्या. फोन बदलला असेल, त्याने स्वतःला सांगितलं. मुलाकडे राहायला गेल्या असतील. तो त्या रिकाम्या रकान्याकडे किती वेळ बघत होता कोण जाणे, शेजारचा जेवायला चल म्हणाला तेव्हा त्याला ऐकूच आलं नाही.

दुरुस्ती दहा मिनिटांची होती. विषम-सम सोडून द्यायचं, शेवटची गोळी कधी सांगितली तिथून दिवस मोजायचे, बस. त्याने ती केली, चाचणीतलं 'एक, होय' बदलून 'एक, नाही' केलं. हिरवं. खाली बदलाचं वर्णन लिहायची चौकट असते, तिथे त्याच्या बोटांनी लिहिलं: किरकोळ दुरुस्ती. आणि बोटं थांबली. झाकली मूठ सव्वा लाखाची. एवढंच पाठवलं तर उद्या आणि परवा सगळ्यांना बरोबर सांगितलं जाईल, कुणाला काही होणार नाही, कुणाला काही कळणारही नाही. परवा टेंपो येईल. बाबा ताईकडे जातील, तिथे त्यांची काळजी घेतली जाईल, कोण म्हणेल वाईट झालं? आणि ते रोज सकाळी वार आणि तारीख सांगतील. त्याने डोळे मिटून बटण दाबलं.

पण बदल थेट जात नसे, आधी शंकाबाईंकडे जायचा. पाचव्या मिनिटाला सपाट चपला वाजल्या. "किरकोळ म्हणजे काय हो?" त्यांनी विचारलं. त्याने तोंड उघडलं. काहीतरी गुळगुळीत सांगणार होता तो, शब्द जुळलेही होते, पण बाईंच्या हातातली वही उघडी होती आणि पानावर, जूनच्या तारखेखाली, त्यांच्या बारीक अक्षरात लिहिलेलं त्याला दिसलं: 'महिनाअखेर - घातलं म्हणतात.' म्हणतात. तो म्हणाला, "बाई, मी तेव्हा उत्तर काढलंच नव्हतं. कोडने जे दिलं तेच चिकटवलं होतं. चूक होती. मागच्या महिन्यात हजारभर लोकांनी लागोपाठ दोन गोळ्या घेतल्या." आणि मग, विचारलं नसताना, "माझे वडील पडले."

शंकाबाई बसल्या. तो वाट बघत होता की त्या 'मी सांगितलं होतं' असं म्हणतील, म्हटलं असतं तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "मीही चाचणी उघडून बघितली नव्हती. हिरवं दिसलं, खूण केली." त्यांनी वहीचं कोरं पान काढलं. "आता हाताने. यंत्र बाजूला ठेवा." दोघांनी पेन्सिलीने तारखा लिहिल्या, एकाखाली एक, तीसचा महिना, एकतीसचा महिना, अठ्ठावीसचा, एकोणतीसचा, सुरुवात विषम, सुरुवात सम, मध्येच एखादी गोळी चुकली तर, प्रत्येकीसमोर काय यायला हवं ते मोजून. पाऊण तास गेला. त्याने ती यादी चाचणीत घातली आणि नव्या कोडवर चालवायला निघाला, तशी बाईंनी त्याचा हात धरला. "नव्यावर नाही. आधी जुन्यावर चालवा." "जुनं तर चुकीचं आहे, बाई." "म्हणूनच. ही चाचणी चूक पकडते की नाही ते आधी बघू दे. लाल दिसल्याशिवाय मी हिरव्यावर विश्वास ठेवत नाही." त्याने चालवली. लाल. एक नाही, नऊ ठिकाणी लाल, पडदाभर. जूनमध्ये हे लाल त्या शुक्रवारी पाच वाजता दिसलं असतं, आणि फार तर साडेसहा वाजले असते.

मोठ्या साहेबांच्या खोलीत त्याने पुन्हा सगळं सांगितलं, बाई शेजारी बसल्या होत्या. त्याला वाटलं होतं साहेब ओरडतील. साहेबांनी दार लावून घेतलं आणि कायद्याच्या माणसाला फोन लावला. इस्पितळांना आजच कळवायचं ठरलं, रुग्णांना संदेशही आजच. संदेश त्याने लिहिला: 'मागच्या महिन्यात आमच्या चुकीमुळे तुम्हाला गोळीचा दिवस चुकीचा सांगितला गेला. तुम्ही विसरला नव्हता.' कायद्याच्या माणसाने तो वाचला, आणि तासाभराने जो संदेश एकोणीसशे फोनांवर गेला तो असा होता: काही तांत्रिक कारणामुळे मागील महिन्यातील सूचनांमध्ये तफावत आढळली असल्यास आपल्या डॉक्टरांशी संपर्क साधावा. शेवटचं वाक्य उडालं होतं. त्या एक्याऐंशीच्या बाईंना त्याने स्वतः फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. शंकाबाई म्हणाल्या, "पत्ता इस्पितळाकडे असेल, तो मी मागवते. तुम्ही घरी जा." तो कुठल्या घरी जाणार ते त्यांनी विचारलं नाही.

बाबा पाचव्या मजल्यावर राहत. संध्याकाळ झाली होती, दार उघडंच होतं, बैठकीत खोकी रचलेली, ताईच्या मोठ्या अक्षरात चिठ्ठ्या: भांडी, कपडे, औषधं. बाबा खुर्चीत बसले होते, उजवा हात गळ्यातल्या झोळीत. टेबलावर त्यांच्या किल्ल्यांचा जुडगा एका पाकिटात घालून ठेवला होता, वर लिहिलं होतं, भाडेकरूसाठी. "तू कसा आज?" ते म्हणाले. "तुझ्या कंपनीचा काहीतरी निरोप आलाय बघ. तफावत म्हणजे काय रे नेमकं?" भिंतीवर कॅलेंडरच्या जागी फिकट चौकोन होता. "कॅलेंडर कुठे आहे, बाबा?" "गुंडाळलं. ताई म्हणाली, तिथे आहे एक." ते 'कागद' लिहिलेल्या खोक्यात निघालं. त्याने जमिनीवर बसून ते उलगडलं. जुलै: एकोणतीसवर बरोबरची खूण, सरळ, लिफ्टच्या कागदांवर करत तशी. एकतीसवर खूण. मग त्याने पान उलटलं. ऑगस्ट: एकवर खूण, आणि तिच्या शेजारी खोडरबराने खोडलेलं काहीतरी, पण पेन्सिल जोरात टेकवलेली असल्यामुळे वळ उमटलेला. प्रश्नचिन्ह. त्यापुढे तीन, पाच, सात, सगळ्या खुणा वाकड्यातिकड्या, डाव्या हाताने केलेल्या. एकही चुकलेली नव्हती.

"बाबा," तो म्हणाला, "तुम्ही विसरला नव्हता. फोननेच सांगितलं होतं. लागोपाठ दोन दिवस. चूक माझी होती. आणि इस्पितळात मी जे बोललो..." खाली कुठेतरी लिफ्टचं दार लागलं. बाबांनी विचारलं, "ताळा केला नव्हतास?"

"केला होता," तो म्हणाला. "उत्तर बघून."

बाबांनी मान हलवली, सावकाश, जणू एखादी जुनी वही त्यांना आत कुठेतरी सापडली होती. ते ओरडतील याची तो वाट बघत होता. ते म्हणाले, "मला त्या सकाळी शंका आली होती रे. कालच तर घेतली, म्हटलं. प्रश्नचिन्ह केलं. फोन हातात घेऊन दहा मिनिटं बसलो." ते डाव्या हाताने झोळीची कड चाचपत होते. "मग म्हटलं, त्याने केलंय, तपासलं असणारच. खोडलं आणि घेतली. अख्ख्या नोकरीत मी न बघता सही केली नाही. ही एकच केली." आणि त्यांनीच मान खाली घातली. हे त्याने अपेक्षित धरलं नव्हतं. आपण मान खाली घालायची आणि त्यांनी माफ करायचं किंवा नाही करायचं, एवढंच त्याने जिना चढताना मनाशी मांडलं होतं. ते स्वतःच लाजले होते, त्याच्यावर विश्वास ठेवल्याबद्दल.

"ताईला फोन लाव," बाबा म्हणाले. "तू सांग. मी सांगितलं तर तिला वाटेल, म्हातारा बचाव करतोय." त्याने लावला. ताईने नेहमीसारखं, "बोल, टेंपोवाल्याला किती वाजता सांगू?" असं म्हटलं आणि त्याने सगळं पहिल्यापासून सांगितलं, शुक्रवारसकट. मग ती म्हणाली, "म्हणजे मी महिनाभर त्यांना तारीख विचारत होते." "हो." "आणि तू ऐकत होतास." "मला आज कळलं, ताई." "ते नाही म्हणत मी," ती म्हणाली. "त्या दिवशी ते सांगत होते तेव्हा. तू हसलास." फोन बंद झाला. टेंपोचं काय ते ती बोललीच नाही. बाबांनी टेबलावरचं पाकीट जवळ ओढलं, दातांनी फाडलं, आणि जुडगा काढून आपल्या डाव्या खिशात टाकला.

"उद्या एकतीस," ते म्हणाले. "उद्या घ्यायची. आणि परवा?"

"परवा नाही. तेरवा."

"कशावरून?"

नवीन चाचणी आहे म्हणून, असं त्याच्या ओठांवर आलं. नऊ ठिकाणी आधी लाल आलं होतं, शंकाबाईंनी सही केली आहे. हे सगळं खरं होतं, आणि यातलं काहीही तो या माणसाला सांगू शकत नव्हता. बाबांनी डावी मूठ वळून टेबलावर ठेवली, बोटांची हाडं वर, लहानपणी महिने मोजायला शिकवताना ठेवत तशी: उंचवट्यावर आलेला महिना एकतीसचा, खळग्यातला लहान. जानेवारी करंगळीवर, आणि तर्जनीच्या हाडावर पोचलं की जुलै. पुढचा महिना दुसऱ्या मुठीवर यायचा, पण दुसरी मूठ पलस्तरात होती. ते थांबून राहिले. त्याने उठून आपली उजवी मूठ त्यांच्या मुठीशेजारी टेकवली, हाडाला हाड लागेल अशी. त्यांच्या मुठीवरची कातडी थंड आणि सैल होती. त्याचे कान अजून तापलेलेच होते.

"मोठ्याने," बाबा म्हणाले, आणि तो जानेवारीपासून मोजायला लागला.